रात्री साडेदहाची नोंद

व्यापारी घरात रोजकीर्दीचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. व्यवहार झाला त्याच दिवशी, झाला त्याच क्रमाने लिहिलेल्या ओळीला एक वजन असते. वर्षभराने आठवून लिहिलेल्या कागदाला ते येत नाही. आज ज्या जाळ्यावरून बँकेचा भरणा होतो, मालाची मागणी जाते आणि परदेशातल्या नातवंडांचा चेहरा रोज संध्याकाळी दिसतो, त्या इंटरनेटच्या जन्माचा पुरावा म्हणजे अशाच एका रोजकीर्दीतली एक ओळ आहे.

ती वही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेतली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या संस्थेने दूरदूरची संगणककेंद्रे एकमेकांना जोडण्याचे काम हाती घेतले होते. त्यासाठी फ्रिजएवढ्या आकाराचे एक जोडयंत्र मॅसॅच्युसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने बनविले. त्यांतले पहिले १९६९ च्या सप्टेंबरच्या आरंभी लॉस एंजेलिसला जोडले गेले आणि दुसरे साडेपाचशे किलोमीटरवरील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री चार्ली क्लाइन हा विद्यार्थी लॉस एंजेलिसच्या यंत्रापुढे बसला. पलीकडे बिल डुव्हाल होते. दोघांच्या कानाला टेलिफोन होता. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ पोहोचला, ‘ओ’ पोहोचला आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचा संगणक कोसळला. दोष शोधून तो दुरुस्त करण्यात सुमारे तासभर गेला आणि मग जोडणी पूर्ण झाली.

या घटनेचे छायाचित्र नाही, ध्वनिमुद्रण नाही, वर्तमानपत्रातली बातमी नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा साऱ्या जगाचे कॅमेरे सज्ज होते. इथे कोणालाच काही विशेष घडते आहे असे वाटले नव्हते. शिल्लक राहिली ती यंत्राजवळच्या नोंदवहीतली हस्ताक्षरातील ओळ. तारीख, रात्री साडेदहाची वेळ, स्टॅनफर्डच्या संगणकाशी बोलणे झाले एवढाच मजकूर, आणि शेजारी क्लाइनची आद्याक्षरे. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, त्या रात्रीचा लेखी पुरावा एवढाच. ज्या खोलीत हे घडले ती ३४२० क्रमांकाची खोली पुढे इतर कामासाठी वापरली गेली. चाळीसएक वर्षांनंतर जुनी छायाचित्रे पाहून ती १९६९ सालच्या रूपात पुन्हा उभी केली गेली आणि ते पहिले करडे जोडयंत्र तिथे परत ठेवले गेले. यंत्र भंगारात न देता सांभाळण्याची बुद्धी वेळेवर सुचली म्हणून हे शक्य झाले. त्याच पिढीतील बाकीची बहुतेक यंत्रे मोडीत निघाली.

एक ओळ आणि एक यंत्र यांवर मात्र इतिहास उभा राहत नाही. त्यासाठी पत्रव्यवहार लागतो, आणि या बाबतीत इंटरनेटचे दैव बलवत्तर होते.

या जाळ्यावरचे संगणक एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलतील, हे ठरविण्याचे काम प्रत्यक्षात काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अंगावर पडले. कोणीतरी अधिकारी व्यक्ती येईल आणि नियम सांगेल, अशी त्यांची समजूत होती. तसे कोणी आले नाही. तेव्हा स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने झालेल्या चर्चांची टिपणे काढायला घेतली. आपण अधिकार नसताना हुकूम सोडतो आहोत असे कोणाला वाटू नये, ही त्याला धास्ती. म्हणून त्याने टिपणांना नाव दिले ते अगदी नम्र : ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’. लोकांच्या तोंडी ते पुढे ‘आरएफसी’ झाले. पहिले टिपण ७ एप्रिल १९६९ चे. ज्या मित्रांकडे मुक्काम होता ते झोपलेले होते, त्यांची झोपमोड नको म्हणून ते रात्री न्हाणीघरात बसून लिहिले, असे क्रॉकर यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. तिसऱ्या टिपणात लिहिण्याचे दंडकही ठरले. कोणीही लिहावे, विचार कच्चा असला तरी चालेल, आणि लांबी एका वाक्याइतकी असली तरी पुरे. विद्वत्तेच्या प्रदर्शनाला इतका लहान दरवाजा आणि कामाच्या माणसाला इतका मोठा, असे दंडक फारच थोड्या संस्थांच्या घटनेत सापडतील.

ही टिपणे तेव्हा कागदावर टंकलिखित होत आणि टपालाने जात. त्यांना क्रमांक देणे, भाषा नीट करणे आणि यादी राखणे हे काम लवकरच जॉन पोस्टेल यांच्याकडे आले. पोस्टेल, क्रॉकर आणि पुढे इंटरनेटच्या मूळ नियमांचे एक शिल्पकार म्हणून गाजलेले व्हिंट सर्फ हे तिघेही लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइज या एकाच शाळेचे विद्यार्थी. लांब दाढी आणि पायांत साध्या चपला अशा वेशातल्या पोस्टेल यांनी हे दप्तर जवळजवळ तीस वर्षे एका हाताने सांभाळले. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर सर्फ यांनी लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूरही टिपण म्हणूनच प्रसिद्ध झाला. त्याचा क्रमांक २४६८. ज्याने आयुष्यभर दप्तर राखले, त्याच्या निधनाची नोंद त्याच दप्तरात पडली.

या दप्तराची शिस्त हिशेबनिसाला चटकन ओळखू येईल. एकदा प्रसिद्ध झालेले टिपण पुन्हा बदलले जात नाही. त्यात चूक निघाली किंवा नियम जुना झाला तर नवे टिपण नव्या क्रमांकाने निघते, आणि ते कोणत्या जुन्या टिपणाच्या जागी आले हे त्याच्या मथळ्यावर लिहिलेले असते. जुने आहे तसेच राहते. वहीत खाडाखोड न करता उलट नोंद टाकून दुरुस्ती करावी, हा जो दंडक मुनीम नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतो, तोच हा. काही क्रमांक राखून ठेवले गेले पण त्यांवर टिपण कधी निघालेच नाही. यादीत त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहिलेले आहे. रद्द झालेल्या पावतीचाही क्रमांक पुस्तकात दिसला पाहिजे, म्हणतात ते असे. आज ही टिपणे ९,००० हून अधिक आहेत आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

आता गंमत अशी की, जगाला कागदावाचून पत्रव्यवहार शिकविणाऱ्या या मंडळींची पहिली टिपणे स्वतः संगणकावर नव्हती. पहिल्या काही वर्षांतली कित्येक टिपणे केवळ कागदावर होती आणि ती शाई हळूहळू फिकट होत होती. १९९७ च्या सुमारास स्वयंसेवकांनी ती एकेक करून नव्याने टंकित केली. आजही जुने टिपण उघडले तर शेवटी एक लहान ओळ दिसते : हे टिपण संगणकाला वाचता येईल अशा रूपात अमक्याने अमक्या महिन्यात आणले. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव आणि तिथी लिहीत असे, त्याची आठवण व्हावी अशी ही ओळ. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या त्या तरुणांच्या शंका, वाद आणि चुकीचे अंदाज आज शब्दशः वाचता येतात, त्यामागे हे कंटाळवाणे टंकन आहे.

दप्तराची दुसरी बाजू एलिझाबेथ फाइनलर यांनी सांभाळली. मैत्रीतले त्यांचे नाव ‘जेक’. जन्म १९३१ चा, शिक्षण रसायनशास्त्राचे. रासायनिक संयुगांच्या माहितीची वर्गवारी करण्याच्या कामातून त्यांना संयुगांपेक्षा वर्गवारीतच अधिक गोडी वाटू लागली, आणि त्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत आल्या. तिथे डग्लस एंगेलबार्ट, म्हणजे संगणकाच्या ‘माउस’चे जनक, यांच्या गटात त्या १९७२ मध्ये दाखल झाल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला आर्पाच्या जाळ्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक व्हायचे होते. कोणत्या केंद्रावर कोणती सामग्री आहे याचे माहितीपुस्तक त्यासाठी हवे होते. ते फाइनलर यांनी तयार केले. पुढे जाळ्याचे माहिती केंद्र १९८९ पर्यंत त्यांच्या देखरेखीखाली चालले.

या केंद्राचे काम आजच्या वाचकाला जुन्या काळच्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे वाटेल. जाळ्यावर नवा संगणक आला की त्याचे नाव आणि पत्ता केंद्राला कळवायचा. केंद्र तो एका यादीत लिहिणार, आणि सारे जग ती यादी उतरवून घेणार. अख्ख्या इंटरनेटची सूची काही वर्षे एका फाइलीत मावत होती, आणि ती एका कार्यालयातील मूठभर माणसे हाताने राखीत होती! संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची विकेंद्रित व्यवस्था मांडली आणि त्यातून ‘डॉट कॉम’, ‘डॉट एज्यु’ अशी आडनावे आली. ती ठरविण्यातही फाइनलर यांच्या केंद्राचा वाटा होता. ‘डॉट कॉम’ नावाची पहिली नोंदणी १५ मार्च १९८५ ची.

अशा कार्यालयाचे कंत्राट संपले की जुन्या कागदांचे काय होते, हे नोकरीत आयुष्य गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. जागा रिकामी करायची असते, कपाटे दुसऱ्या विभागाला द्यायची असतात, आणि फाइली रद्दीत जातात. या केंद्राचे कागद मात्र तसे गेले नाहीत. पत्रव्यवहार, माहितीपुस्तके, सभांची टिपणे, दूरध्वनीच्या याद्या यांनी भरलेली शेकडो खोकी माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात सुखरूप पोहोचली, आणि निवृत्तीनंतर स्वतः फाइनलर बाई स्वयंसेविका म्हणून ती लावण्यास बसल्या. २०१२ मध्ये इंटरनेटच्या सन्मानित व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव घातले गेले. शोध लावणाऱ्यांची नावे मुलांना परीक्षेसाठी पाठ असतात. खोकी लावणाऱ्यांची नसतात, हे इथे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याच्या उलट टोकाला आहे पहिल्या ईमेलची गोष्ट. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र पाठविण्याची सोय १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी केली. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये ते प्रसिद्ध वर्तुळातले ‘ए’चे चिन्ह घालण्याची कल्पनाही त्यांचीच. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी होती. त्या पहिल्या पत्रात काय लिहिले होते? टॉमलिन्सन यांचे उत्तर असे की, ती चाचणीची पत्रे विसरण्याजोगीच होती आणि म्हणून ते विसरले. बहुधा टंकपट्टीवरची वरच्या ओळीतली अक्षरे ओळीने दाबली असतील. टॉमलिन्सन २०१६ मध्ये गेले. पहिले पत्र कायमचे हरवले आहे.

कधी कधी मात्र जतनाचे काम अगदी आडजागी बसलेला माणूस करून जातो. १९८० च्या आसपास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘यूझनेट’ नावाची व्यवस्था सुरू केली. रात्री टेलिफोनच्या तारेवरून एक संगणक दुसऱ्याला विषयवार संदेश पोहोचता करी. विज्ञान, पाककृती, चित्रपट, राजकारण, सारे काही त्यात असे. डिस्कवरची जागा महाग, त्यामुळे काही दिवसांत जुने संदेश पुसले जात. टोरांटो विद्यापीठात, तेही प्राणिशास्त्र विभागात, संगणकाची व्यवस्था पाहणारे हेन्री स्पेन्सर यांनी मात्र पुसण्यापूर्वी ते चुंबकीय फितींवर उतरवून ठेवण्याची सवय लावून घेतली. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत १४१ फिती आणि सुमारे २० लाख संदेश जमा झाले. पुढे काही संशोधकांनी त्या फिती एकेक करून वाचून घेतल्या. जुनी फीत वाचणारे यंत्र चालू स्थितीत सापडणे, हेच त्यातले मोठे काम. ११ डिसेंबर २००१ रोजी गुगलने वीस वर्षांचा यूझनेट-संग्रह सर्वांना खुला केला. त्यातल्या ७० कोटींहून अधिक संदेशांत पहिल्या दशकाचा भाग मुख्यतः या फितींमुळे आला. जगड्व्याळ कंपनीच्या तिजोरीतला सर्वांत जुना ऐवज प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटातला होता.

यूझनेटचा हा इतिहास वाचला, पण त्यानंतर आलेल्या ‘वेब’च्या नशिबी तसे भाग्य नव्हते. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये माहिती परस्परांना जोडण्याची एक योजना लिहून वरिष्ठांना दिली. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्या कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीने, कल्पना संदिग्ध पण रोमांचक आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. तो कागद आज उपलब्ध आहे. ज्या काळ्या ‘नेक्स्ट’ संगणकावर पहिले संकेतस्थळ चालले, तोही आहे. हा संगणक बंद करू नका, अशी लाल शाईतली सूचना असलेली चिठ्ठीही त्यावर तशीच चिकटलेली आहे. जगातले सारे वेब त्या वेळी त्या एका बटणावर अवलंबून होते, तेव्हा ही चिठ्ठी गमतीची नव्हती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न ठेवता जगाला खुले केले, त्याचा सहीचा दस्तही आहे. कागद राहिले, यंत्र राहिले. हरवले ते पहिले पान.

हरवण्याचे कारण साधे आहे. वेबचे पान दुकानाबाहेरच्या फळ्यासारखे असते. आजचा भाव लिहायचा तर कालचा पुसावाच लागतो. बर्नर्स-ली यांनी ते पहिले पान पुन्हापुन्हा सुधारले आणि प्रत्येक सुधारणेबरोबर आधीचे रूप नाहीसे झाले. २०१३ मध्ये सर्नने जुन्या पत्त्यावर ते पान पुन्हा उभे करायचे ठरवले, तेव्हा हाताशी सर्वांत जुनी प्रत होती ती १९९२ ची. त्याहून जुनी कोणाकडे असेल तर कळवावे, असे आवाहन केल्यावर नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे पॉल जोन्स पुढे आले. १९९१ मध्ये एका परिषदेला जाताना बर्नर्स-ली त्यांच्याकडे थांबले होते आणि आपले काम दाखवताना त्या पानाची प्रत जोन्स यांच्या संगणकावर ठेवून गेले होते. ती बावीस वर्षे तशीच होती. पाहुण्याने मागे ठेवलेली वस्तू यजमानाने फेकली नाही, म्हणून ती जगाला मिळाली. त्याहून आधीचे, १९९० सालचे पान नेमके कसे दिसत होते ते मात्र हाती नाही.

इथवरच्या गोष्टीत नुकसान झाले ते अनवधानाने. पुढचे नुकसान हिशेब करून झालेले आहे. १९९४ मध्ये ‘जिओसिटीज’ नावाची सेवा सुरू झाली. सामान्य माणसाला तिथे फुकटात आपले पान उभारता येई. पानांच्या वस्त्या केलेल्या होत्या. चित्रपटवेड्यांची वस्ती वेगळी, संगणकवाल्यांची वेगळी. कोणी आपल्या गावाची माहिती लिहिली, कोणी दिवंगत आईचे स्मरण लिहिले, कोणी मांजरांची छायाचित्रे लावली. चकाकणारी अक्षरे, भडक रंग, आपोआप वाजणारे संगीत. सुसंस्कृत मंडळींनी नाके मुरडली, पण आयुष्यात प्रथमच छापखान्यावाचून काही प्रसिद्ध करण्याची संधी मिळालेल्या लाखो लोकांचे ते हस्ताक्षर होते. १९९९ मध्ये याहूने ही कंपनी साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला समभागांच्या रूपात विकत घेतली, आणि दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, ती अमेरिकेत बंद करून टाकली.

कायद्याने याहूचे काही चुकले नाही. जागा त्यांची, वीज त्यांची, आणि राहणाऱ्यांनी भाडे दिलेले नव्हते. धर्मशाळेतल्या खोलीवर पाहुण्याचा हक्क नसतो. पण ताळेबंदात ज्या मालमत्तेची किंमत एकदा अब्जावधी डॉलर लावली गेली, त्याच मालमत्तेतल्या मजकुराची किंमत दहा वर्षांत शून्य धरली जावी, यात मूल्यमापनाची काहीतरी मोठी गफलत आहे. खरेदीच्या वेळी मोजले ते येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या आणि जाहिरातींची आशा. लोकांनी लिहिलेले त्यात कधी मोजलेच नव्हते. बंद होण्याची घोषणा झाल्यावर जेसन स्कॉट आणि त्यांच्या ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने महिनोनमहिने पाने उतरवून घेतली. सारी हाती लागली नाहीत. जी लागली ती सारी मिळून एक टेराबाइटच्या आसपास भरली. आज भ्रमणध्वनीच्या दुकानात मिळणाऱ्या तळहाताएवढ्या डिस्कवर ती मावतील. एवढी जागा राखणे साऱ्या कंपनीला जड झाले होते.

हे सारे एकत्र राखण्याचा सर्वांत मोठा उद्योग सॅन फ्रान्सिस्कोचा. ब्रूस्टर काहले यांनी १९९६ मध्ये ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही ना-नफा संस्था स्थापन केली. त्यांची यंत्रे जगभरची पाने पाहत फिरतात आणि प्रत्येक पानाची तारखेसह प्रत ठेवतात. पहिली पाच वर्षे संग्रह नुसताच वाढत राहिला. २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’ या नावाने तो लोकांना खुला झाला. पत्ता आणि तारीख दिली की त्या दिवशीचे पान पुढे येते. २००२ मध्ये एक प्रत इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या नव्या ग्रंथालयालाही दिली गेली. प्राचीन काळी नष्ट झालेल्या ग्रंथालयाचे नाव चालविणाऱ्या संस्थेला ती द्यावी, यात औचित्यही होते आणि सावधपणाही. संस्थेचे कार्यालय एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये साठवलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली.

एवढा मोठा आकडा ऐकून निश्चिंत व्हावे, तर तसेही नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डच्या अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेले वेबपत्ते तपासले, तेव्हा निम्मे पत्ते मूळ मजकुरापर्यंत पोहोचवीत नव्हते. निकाल कायम आणि त्याचा आधार गायब, अशी ही अवस्था. शिवाय साऱ्या जगाचा भार एका संस्थेवर असणे हीच जोखीम आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संस्थेवर सायबर हल्ला झाला, तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली आणि सेवा काही दिवस बंद पडली. त्याच्या महिनाभर आधी पुस्तके उसनी देण्याच्या प्रश्नावर प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात वरिष्ठ न्यायालयाचा निकालही संस्थेच्या विरोधात गेला होता. ठेवी एकाच पेढीत ठेवू नयेत, हे ज्यांना कळते त्यांना ही चिंता वेगळी सांगायला नको.

जतन करण्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. विशीतल्या मुलाने १९८५ मध्ये रागाच्या भरात लिहिलेला संदेश साठीत त्याच्यासमोर यावा का? त्याने तो लिहिला तेव्हा आठवड्याभरात पुसला जाईल या समजुतीनेच लिहिला होता. मे २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे तिथल्या नागरिकाला आपल्याविषयीचा जुना, आता अप्रस्तुत ठरलेला तपशील शोधयंत्राच्या यादीतून काढून टाकण्याची मागणी करता येते. मूळ मजकूर पुसला जात नाही, वाट बंद होते. तोडगा अपुरा आहे, पण संग्रहालय आणि चव्हाटा यांतला फरक ओळखणारा आहे.

आपल्याकडची गोष्ट फार जुनी नाही आणि मुंबईशी निगडित आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचे नाव २०१४ मध्ये इंटरनेटच्या त्याच सन्मानित यादीत गेले, जिथे फाइनलर यांचे आहे. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. मोडेमचा तो खरखरणारा आवाज आणि जोडणी लागताच घरचा टेलिफोन अडकून राहणे ज्यांनी अनुभवले, ती मंडळी आज पन्नाशी-साठीत आहेत. जुहूचे केंद्र पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले. विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेले आणि २००८ मध्ये त्याचे नावही बदलले. संस्थांची नावे बदलतात तेव्हा दप्तरांचे स्थलांतर होते, आणि स्थलांतरात काय राहिले व काय गेले हे कपाटे उघडल्यावाचून कळत नाही.

मराठी पानांची तर आणखी एक अडचण आहे. देवनागरीला युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ मध्येच स्थान मिळाले होते, पण घरोघरच्या संगणकांवर ते रुळायला दहा-पंधरा वर्षे गेली. तोवर मराठी वर्तमानपत्रे, मंडळे आणि हौशी लेखक आपापल्या फाँटमध्ये पाने करीत. तिथे संगणकात साठायचे ते इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. प्रत्येक फाँटचा मुखवटा निराळा. ही पाने आज वेबॅक मशीनमध्ये उघडली की चित्रे दिसतात, तारीख दिसते, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन मांडणी. पान वाचले आहे, तरी वाचता येत नाही. मूळ फाँट मिळाला, किंवा त्याच्या अक्षरांचा तक्ता घेऊन कोणी रूपांतर केले, तर ओळी पुन्हा मराठी होतात. काही फाँटांसाठी असे रूपांतर करणारी साधने तयार झाली आहेत. बाकीच्यांसाठी फाँटची ती लहानशी फाइल शोधावी लागते. ती त्या काळी फ्लॉपीवर किंवा सीडीवर मिळत असे.